एक चालू, एक तयार

विश्वनाथरावांनी काउंटरच्या काचेवर तक्ता पसरला, त्याची वर येणारी टोकं दोन माऊसच्या खोक्यांनी दाबली आणि खिशातलं पेन मुलीपुढे धरलं.

"सही कर."

"बाबा, इथे दुकानात?"

"सहीशिवाय माल सुटत नाही."

तक्ता पाहण्यासारखा होता. सौदीतल्या राबिघच्या रिफायनरीत एकवीस वर्षं पंप निवडलेल्या माणसाने गेमिंग पीसीचा प्रोसेसर निवडायला घेतला की जे व्हायचं तेच झालं होतं. पाच प्रोसेसर, अठरा रकाने. कोण किती वीज खातो, कोण किती तापतो, पाच वर्षांनी कोणाचा दम किती उरेल. शेवटच्या रकान्याचं नावच 'न जाणो' असं होतं. लाल शाईच्या चौकटीत विजेता बसला होता: सोळा कोअरचा, सगळ्यांचा बाप. तळाशी सह्यांच्या दोन जागा. 'बनवणार'वर विश्वनाथरावांची लपेटदार सही होती, 'तपासणार' कोरी. आठवडाभर दर्शना त्या कोऱ्या जागेपाशी येऊन परत फिरत होती.

तीन आठवड्यांनी तिचं पुण्याचं विमान होतं. बारावी झाली की इथली आपली मुलं कॉलेजसाठी निघतात, तशी तीही निघाली होती. काहीतरी दांडगं बरोबर दिल्याशिवाय विश्वनाथरावांना चैन पडणार नव्हती, आणि त्यांच्या मते अख्ख्या जेद्दात याहून दांडगं काही नव्हतं.

शुक्रवारची असरची, दुपार कलतानाची, नमाज होऊन जेद्दाच्या अझीझिया भागातली दुकानं नुकतीच उघडली होती. काउंटरमागे अफशाँ होती. घराणं हैदराबादचं, स्वतः जेद्दात वाढलेली. तिने तक्ता आपल्या बाजूने, म्हणजे उलटाच, पण एकही रकाना न गाळता वाचला.

"अंकल, ये आप बनाए? माशाल्ला." मग तिने लाल चौकटीवर नख टेकवलं. "पन इत्ता बड़ा काय को? क्या खेलते इसपे?"

"ट्रक," दर्शना म्हणाली.

ट्रकच. सहावीपासून दर शुक्रवारी बापलेक एका जुन्या लॅपटॉपवर ट्रक हाकत. ती ड्रायव्हर, हे शेजारी खुर्ची ओढून बसलेले क्लीनर. रस्ते युरोपातले, पण विश्वनाथराव मधूनच ओरडायचे, "दाब, दाब, पुढे उंट आहे!" आणि पोरगी खरंच ब्रेक दाबायची. मागे माल काय आहे तेही तेच ठरवायचे. एकदा त्यांनी व्हिएन्नाला चाळीस टन कुरडया पोचवल्या होत्या, आणि वाटेत एकही मोडली नव्हती.

"बाबा," दर्शना पेन न घेता म्हणाली, "हिला माशाची गोष्ट सांग ना."

विश्वनाथरावांना गोष्ट सांग म्हणणं म्हणजे उतारावरच्या गाडीला धक्का देणं. त्यांनी हिंदीत सुरुवात केली. पूर्वीची एक कंपनी, नाव ते कधीच घेत नसत. समुद्राचं पाणी ओढायचा पंप. पहिल्या इंजिनियरने लागणार त्यावर दहा टक्के जास्त धरले, असू देत म्हणून. दुसऱ्याने त्यावर दहा, न जाणो म्हणून. साहेबाने वर आणखी दहा, आपण साहेब आहोत म्हणून. पंप चालू केला तर समुद्र दोन बोटं मागे सरला, आणि जाळीत हा एवढा हमूर मासा, जिवंत, वर रागावलेला. विश्वनाथरावांनी दोन्ही हात फाकवले.

"गेल्या दिवाळीत याच्या निम्मा होता," दर्शना म्हणाली.

"वाढतं वय आहे त्याचं."

"आणि पंपाचं काय झालं?"

"काय होणार? जन्मभर व्हॉल्व्हने गळा दाबून चालवला. ताकद भरपूर, पण जायला वाट नाही."

"मग हा काय आहे?" तिने लाल चौकटीवर बोट ठेवलं. "आपल्या ट्रकला?"

विश्वनाथराव काचेवर वाकले. त्यांनी तक्ता पाहिला. आताच्या गेमसाठी, पुढच्या गेमसाठी, आणि न जाणो. दहा, दहा, दहा. एकवीस वर्षं ज्युनियर ही गोष्ट ऐकून हसत आले होते. त्यांच्यावर ती उलटवणारं आजवर कोणी निघालं नव्हतं. निघालं ते घरातच, आणि आता तेच चाललं होतं.

"सहा कोअरचा पुरतो?" त्यांनी अफशाँला विचारलं. आवाज जरा उतरला होता.

"बहुत होता, अंकल. ट्रक क्या, पूरा जेद्दा चला लेव."

"मग तोच दे. छोटा तर छोटा."

"दोन," दर्शना म्हणाली.

"दोन कशाला?"

"महत्त्वाचा पंप कधी एकटा बसवतात का, बाबा? ए आणि बी. एक चालू, एक तयार. तूच सांगतोस." तिने दप्तरातून घडी केलेला कागद काढला. "तुझ्या एका मशीनच्या पैशांत माझी दोन अख्खी बसतात. आठवडाभर तेच तपासत होते."

अफशाँने दोन खोकी काढून ठेवली. दर्शनाने मार्करने एकावर 'ए' लिहिलं, दुसऱ्यावर 'बी'.

"हा पुण्याला. हा राबिघला, घरी. आणि तयार ठेवलेला पंप दर आठवड्याला चालवून बघायचा, नाहीतर?"

"जाम होतो," विश्वनाथराव शाळेतल्यासारखे म्हणाले.

"तर शुक्रवारी. तुझे सात, माझे साडेनऊ."

"अगं, पण मी क्लीनर. मला चालवता कुठे येतं?"

"जायच्या आधी रिव्हर्स शिकवते. बाकीचं वाटेत."

विश्वनाथरावांनी तिचा कागद तक्त्यावर ठेवला. सगळे रकाने वाचले. चूक सापडते का ते मनापासून शोधलं. मग 'तपासणार' लिहून त्यापुढे सही केली, नेहमीपेक्षा हळू.

सामान बांधता बांधता अफशाँने विचारलं, "अंकल, वो मछली... सच में कित्ती बड़ी थी?"

'बी'चं खोकं विश्वनाथरावांनी छातीशी धरलं होतं. ते खाली ठेवायची त्यांची तयारी दिसेना. त्यांनी मोकळ्या हाताची बोटं ताणली. त्या दिवशी हमूर जेमतेम एक वीत भरला.