धावजी खलाशी आमचा कोणी नाही

फुलसावंगीहून एस.टी. निघाली तेव्हा लालीबाईनं तोंड उघडलं, ते बंदच केलं नाही. सुनेनं सासऱ्याशी थेट बोलायचं नाही ही तांड्याची रीत. म्हणून सासऱ्याला द्यायचे ते सगळे शब्द ती मधे बसलेल्या पोरीला देत होती.

"उर्वशी, इचार तुया आजाले. कोणं मांगतला होता थो कागद? साहेबानं मांगतला? मंग काहून खोसला फायलीत?"

"याडी, लोकं पाहून राह्यले," उर्वशी आईला म्हणाली.

"पाहू दे. मीबी तिकीट काढूनच बसली."

खिडकीशी बसलेला सासरा, गुलाबसिंग, बाहेरची कपाशी बघत राहिला. पोस्टमनची नोकरी करताना त्याला कुत्र्यांचं भुंकणं सोसायची सवय झाली होती. ती आता घरात कामी येत होती.

उर्वशीला यवतमाळला इंजिनिअरिंगची जागा मिळाली होती. जातीचा दाखला पडताळून आला तर फी माफ, नाहीतर जागाही गेली. मागच्या सालचा कापूस अजून पुढच्या खोलीत पडून होता, आणि त्याच्या जिवावर कॉलेज होणार नाही हे घरातल्या मांजरीलाही कळत होतं. खरं तर काम सोपं होतं. गुलाबसिंगच्या स्वतःच्या शाळेच्या दाखल्यावर 'बंजारा' असं ठळक लिहिलेलं होतं. तेवढं पुरलं असतं.

पण म्हातारा कित्येक वर्षं आपल्या आज्याला शोधत होता. आजा म्हणजे धावजी. तरुणपणी तो कापसाच्या गाठींसोबत मुंबईला गेला आणि बंदरावरून माघारी फिरायचं सोडून बोटीवर चढला. भट्टीत कोळसा लोटत दर्याच्या पार गेला. परतला तो पितळी बटनांचा निळा कोट घालून, पाय फाकवून चालत. तांड्यानं त्याला 'खलाशी' म्हणायला सुरुवात केली. तो कुठं कुठं फिरला, हे मात्र कुणी विचारून ठेवलं नाही. निवृत्त झाल्यावर गुलाबसिंगनं कचेऱ्या धुंडाळल्या, जुनी कपाटं उघडायला लावली. शेवटी कोतवालाच्या जुन्या बुकात मृत्यूची नोंद सापडली. नाव, धावजी. जात, खलाशी. कोण मेलं म्हणून कोतवालानं विचारलं असेल, लोकांनी 'धावजी खलाशी' सांगितलं असेल, आणि त्यानं ते रकान्यांत वाटून टाकलं असेल.

गुलाबसिंगनं त्या दिवशी तांड्यात गूळ वाटला होता. आणि घरातला सगळ्यांत जुना पुरावा म्हणून त्या नोंदीची नक्कल नातीच्या फायलीत सगळ्यांत वर लावली होती.

पडताळणीच्या कचेरीत टेबलामागच्या माणसानं ती नक्कल दोन बोटांत धरली.

"खलाशी ही काय भानगड आहे?"

"जात नाही साहेब, काम होतं थे," गुलाबसिंग म्हणाला. "माहा आजा बोटीवर होता."

"बंजारा माणूस बोटीवर?" तो शेजारच्या टेबलाकडे वळला. "ऐकलं का? बैलही नेले असतील सोबत."

दोघं पोट धरून हसले. उर्वशीनं मान खाली घातली. राग कुणावर काढावा ते लालीबाईला कळेना. समोरच्यावर काढला तर फाईल अडेल.

हसून झाल्यावर त्या माणसाला जरा दया आली असावी. "हे बघा बाबा, लिहून द्या. या नोंदीतला धावजी आमचा कोणी लागत नाही. नावासारखं नाव. शपथेवर द्या आणि मोकळे व्हा."

"पण साहेब, थो तर हाये आमचा."

"मग पोरीला खलाशी करू का? बोला लवकर."

घड्याळाचा काटा, मागची रांग, पोरीचा उतरलेला चेहरा, सगळं लालीबाईच्या अंगावर आलं.

"बापू, सही करा!" ती ओरडली. सून होऊन आल्यापासून ती पहिल्यांदाच त्याच्याशी थेट बोलली होती.

गुलाबसिंगनं वर पाहिलं नाही. सही केली आणि अदबीनं विचारलं, "साहेब, थे नक्कल वापस भेटन का?"

"कशाला? तुमचा तर कोणी नाही ना तो?" त्यानं नक्कल चुरगळून टोपलीत टाकली.

परतीच्या गाडीत लालीबाईच्या तोंडून शब्द फुटला नाही. दाखला मिळणार होता, पोर शिकणार होती. पण सही म्हाताऱ्यानं केली असली, तरी करवून घेतली ती आपण. त्या टेबलामागच्या हसऱ्या माणसानं आपल्याच हातानं आपल्याला थोबाडीत मारायला लावली, हे तिला गावाच्या फाट्यापर्यंत कळून चुकलं होतं.

दिवाळीला उर्वशी कॉलेजातून घरी आली. अंगणात धबुकार मांडला होता. निखाऱ्यावर तूप-लापशी टाकायची आणि घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन जेवायला बोलवायचं. गुलाबसिंगनं बापाचं नाव घेतलं, आईचं घेतलं, धाकट्या भावाचं घेतलं. मग निखाऱ्याभोवती पाणी फिरवायला त्यानं तांब्या उचलला.

"एक राह्यलं," लालीबाई मागून म्हणाली.

"शपथेवर लिहून देल्लं मी," म्हातारा हळूच म्हणाला. "थो आपला कोणी नाही म्हणून. आता कोन्या तोंडानं बोलावू?"

"शपथ त्या टेबलाची! त्या हसणाऱ्याच्या फायलीत राह्यली थे. इथं कोणता साहेब बसला हाये? दाखवा मले!"

गुलाबसिंगनं मान हलवली. आयुष्यभर त्यानं सहीवर विश्वास ठेवला होता.

सासरच्या वडीलधाऱ्याचं नाव सुनेनं घ्यायचं नसतं, आणि धबुकारावर तर बाईनं पुढं यायचंच नसतं. लालीबाई पुढं आली. तिनं मूठभर लापशी उचलली आणि शेजारच्या अंगणांतली माणसं उठून उभी राहतील अशा आवाजात ओरडली, "धावजी! खलाशी धावजी! ये, खाय!"

तुपानं निखारा भडकला. सगळा तांडा कुंपणावरून बघत होता. तिनं दुसरी मूठ भरली आणि ती म्हाताऱ्याच्या हातात कोंबली.

"म्हणा," ती म्हणाली.