ब्राझीलच्या गाण्याचे शब्द

अलकाचं पत्र गणपतीत आलं आणि दसरा होऊन गेला तरी मी उत्तर टाकलेलं नव्हतं. ही अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. अलका म्हणजे माझा जुना मित्र हणमंतराव याची मुलगी. नांदेडला असते. तिनं लिहिलं होतं, की बाबांना झटका येऊन उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. डॉक्टरांचं म्हणणं, अशा माणसाला बोलता येत नसलं तरी कधी कधी ओळखीचं गाणं शब्दांसकट म्हणता येतं, आणि तिथून बोलण्याला सुरुवात होऊ शकते. जावयानं पुण्याहून सत्तरच्या दशकातल्या जगभरच्या गाजलेल्या गाण्यांच्या सीडी आणल्या होत्या. त्यातल्या ब्राझीलच्या एका गाण्यावर बाबा डाव्या हातानं पलंगावर ठेका धरतात, चाल गुणगुणतात, पण शब्द येत नाहीत.

‘त्यावर ते वेगळेच मराठी शब्द म्हणायचे. लहानपणी मी ऐकलेत, पण आता आठवत नाहीत. तुम्हीच रचले होते म्हणे. तेवढे पाठवा काका.’

शब्द मीच रचले होते, हे खरं. एकाहत्तर-बहात्तरमध्ये आम्ही दोघं नारायणगुड्याला एका खोलीत राहायचो. बायकामुलं गावी. तो वीज खात्यात, मी तारनाक्याला रेल्वेच्या एका संस्थेच्या ग्रंथालयात. रविवारी दुपारी मेसचं जेवून आलो, की हणमंतरावाच्या रेडिओवर शॉर्टवेव्हचं एक परदेशी स्टेशन लावायचो. त्या आठवड्यात कुठल्या देशात कुठलं गाणं पहिल्या नंबरावर आहे, ते त्यावर लागे. खरखरीत गाण्याचं नाव कधीच कळत नसे, म्हणून आम्ही देशाच्या नावानंच गाणी ओळखायचो. जपानचं, अर्जेंटिनाचं, ब्राझीलचं. भाषाही कळत नसे. मग मी त्या चालींवर आपले शब्द बसवायचो आणि हणमंतराव खणखणीत आवाजात म्हणायचा. अलकानं लिहिलं होतं ते हेच ब्राझीलचं. त्यात मी सवाल करायचा आणि त्यानं जवाब द्यायचा, असं होतं.

ते शब्द मला पूर्ण आठवत होते. अडचण तीच होती. पुढे मी मराठी मंडळाच्या वार्षिकाची मुद्रितं तपासू लागलो, लोकांच्या कवितांतल्या मात्रा मोजू लागलो, आणि आता माझ्या सहीनं नांदेडला जायचं ते हे? दर चार ओळींत दोन ठिकाणी वृत्त मोडलेलं, यमक ओढूनताणून आणलेलं. अलकाचा नवरा कॉलेजात मराठी शिकवतो. मी कागद घेतला आणि थोडी दुरुस्ती करू म्हटलं. एक ओळ सुधारली की दुसरी हलकी वाटायची. असं करता करता कागदांचा गठ्ठा झाला.

“अहो, तो माणूस तिकडे मुका पडलाय आणि तुम्ही ऱ्हस्वदीर्घ बघताय?” एकदा तारामती म्हणाली. तारामती माझी बायको. “फोन तरी करा.”

रविवारी एसटीडीला अर्धे पैसे पडत, म्हणून बूथवर रांग होती. माझा नंबर आल्यावर मी काचेचं दार ओढून घेतलं आणि अलकाला म्हटलं, “लिहून घे.” सुधारलेली ओळ मी सावकाश वाचली, “अन्नात अर्थ कोठे, शोधीत जीव गेला.”

तिनं ती तिकडे चालीवर म्हणून दाखवली. मागं हणमंतरावाचं गुणगुणणं ऐकू येत होतं, ते थांबलं.

“काका,” अलका अडखळत म्हणाली, “हेच होतं का? बाबा नुसते बघतायत माझ्याकडे.”

बाहेर कुणीतरी काचेवर नाणं वाजवलं.

“अगं, त्याच्या कानाला लाव फोन,” मी म्हटलं. आयुष्यात मी चार माणसांत कधी गायलेलो नाही. रांगेकडे पाठ केली, डोळे मिटले आणि जुन्या चालीवर म्हटलं, “वरणात डाळ कुठे?”

नुसता श्वास ऐकू आला. मी पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं. “वरणात डाळ कुठे, हणम्या, वरणात डाळ कुठे?”

दार उघडून बूथवाला म्हणाला, “चचा, जरा हल्लू गाओ. बाहर लोगां हंसरैं.”

मी हातानंच त्याला थांबवलं, कारण फोनवर काहीतरी चाललं होतं. आधी घशातला आवाज, मग चालीवरच, जड जिभेनं, तुटत तुटत आलं, “गे... ली... नि... जामा... बाद... ला.”

अलकानं फोन ओढून घेतला. ती रडत होती की हसत होती, ते कळत नव्हतं. “काका, बोलले! निजामाबादला म्हणाले! पुढचं काय आहे? सगळं लिहून पाठवा, रोज म्हणून घेते. आणि हो, बदलू नका काही.”

“यमक जरा...” मी म्हणालो.

“काका!”

घरी येऊन मी दुरुस्तीचे सगळे कागद फाडले. जुने शब्द होते तसे लिहायला बसलो. भातातल्या खड्यांचं कडवं, पापड आणि पांघरुणाचं कडवं, आणि मेसवाल्या बाईंना हात जोडणारं शेवटचं, ज्यात मात्रा दोन जास्त आहेत. त्याखाली जपानचं आणि अर्जेंटिनाचंही लिहिलं. सवाल कुणी म्हणायचा, जवाब कुणी द्यायचा, तेही प्रत्येक ओळीपुढे घातलं. तारामतीनं ते वाचलं आणि म्हणाली, “हे तुम्ही लिहिलंय? बरं आहे की.” ती थट्टा करतेय की काय, मला कळलं नाही.

सकाळी पोस्टाकडे जाताना जपानच्या गाण्यातला एक शब्द बदलावासा वाटला. पण पाकीट चिकटवलेलं होतं. तसंच पेटीत टाकलं.