पांढऱ्या तोंडाचे दहा बैल

“रुपाली, लेकराच्या कानाकडं ध्यान दे बरं. वासराला मागून हाक मारली की ते आधी कान टवकारतंय, मग मान वळवतंय. आपली पियू कान बी टवकारत न्हाई अन् मान बी वळवत न्हाई.”

जानेवारीत दादाराव व्हिडिओ कॉलवर हे म्हणाले, तेव्हा रुपाली सिंगापुरातल्या बेडोकच्या फ्लॅटमध्ये पियूला वरणभात भरवत होती. सासरे माणूस लाखाचे. पण चौतीस वर्षं त्यांनी कंधारच्या जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून काढलेली, त्यामुळे त्यांना सगळं जग गोठ्यातूनच दिसायचं. ‘माझी मुलगी काय वासरू आहे?’ हे वाक्य रुपालीने ओठांवरून परत गिळलं.

“बाबा, इथे जन्मल्याबरोबर कानांची टेस्ट करतात. पास झालीय ती. घरी मराठी, शाळेत इंग्रजी आणि चिनी, खाली खेळायला गेली की वाक्यामागे ‘लाह’ लावायचं इथलं इंग्रजी, सिंग्लिश. इतक्या भाषा कानांवर पडल्या की मुलं उशिरा बोलतात.”

“कानांवर पडल्या तर,” दादाराव म्हणाले, आणि जय भीम करून त्यांनी फोन ठेवला.

रुपाली काही बेफिकीर बाई नव्हे. खिडकीच्या ग्रिलला कुलूप, पर्समध्ये थर्मामीटर, शिंक आली की शाळेला सुट्टी. पण उशिरा बोलणाऱ्या मुलांवर तिने इतकं वाचलं होतं की सासऱ्यांच्या बोलण्याकडे तिने खुशाल कानाडोळा केला.

जूनमध्ये दादाराव महिनाभरासाठी सिंगापूरला आले. पियूने, म्हणजे तीन वर्षांच्या प्रियदर्शिनीने, आजोबांना दारातच आपला बैल दाखवला. कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटात बीफच्या पाकिटाबरोबर हा प्लास्टिकचा बैल फुकट मिळायचा. अंग तांबडं, तोंड पांढरं. असे तीन जमले होते. त्यांच्याशिवाय पियू जेवायची नाही, झोपायची नाही.

दादारावांनी चष्मा चढवला आणि बैल उलटा करून पोटावरची अक्षरं वाचली. “हिअर... फोर्ड. अरे, हा तर आमच्या ट्रेनिंगच्या पुस्तकात होता! परदेशी जातींच्या पानावर.”

“बाबा, हेरिफर्ड म्हणतात,” रुपालीचा नवरा रत्नदीप म्हणाला.

“लिवलंय हिअर, तर मी हिअरच म्हणणार.” ते पियूसमोर मांडी घालून बसले. “हे बघ, रंग आपल्या लाल कंधारीचा, पण वशिंड कुठंय? पाठ बघ, टेबलावानी सपाट. मांसासाठी पोसलेली जात ही, जू कधी ठाऊक न्हाई हिला. आन् हे पांढरं तोंड लई चिवट. कुठल्या बी गायीशी जुळवा, वासरू पांढऱ्या तोंडाचंच निघतंय.”

पियू त्यांच्या ओठांकडे टक लावून बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते काही न बोलता तिच्या मागे उभे राहिले आणि साध्या आवाजात म्हणाले, “पियू, बैल पळाला!” पियू जागची हलली नाही. स्वयंपाकघराच्या दारातून रुपाली बघत होती. सासऱ्यांनी तिच्याकडे मान वर करूनही पाहिलं नाही, आणि तेच तिला जास्त लागलं. आपण मुलीला हाक कधी मारतच नाही, हे तिला त्या क्षणी उमजलं. आपण समोर जातो, खांद्याला हात लावतो, मग बोलतो. वर्षभर हेच चाललं होतं आणि तिचं तिलाच कळलं नव्हतं.

हॉस्पिटलात कान तपासणाऱ्या मिस टॅन स्वभावाने गोड होत्या. त्यांनी पियूच्या कानात एक छोटी नळी धरली, मशीनकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “दोन्ही पडद्यांमागे पाणी साचलंय. पुष्कळ मुलांना होतं. जन्माच्या टेस्टनंतरही होऊ शकतं.”

“म्हणजे बरं होईल ना?”

“पाण्यावर इलाज सोपा आहे. पण पाण्याच्या मागे नस कशी आहे, ते पाहायला हवं. त्यासाठी पियूनेच मदत करायची. आवाज आला की ठोकळा डब्यात टाकायचा.”

पियूने ठोकळे भिरकावले. कानामागे लावायचा पट्टा पाहून तर तिने भोकाड पसरलं. तीन आठवड्यांनी पुन्हा या, मिस टॅन म्हणाल्या, घरी सवय करून आणा. नाहीच जमलं, तर गुंगीचं औषध देऊन तपासू.

पाणी की नस? बसमध्ये, भाजी चिरताना, आंघोळ करताना रुपालीच्या डोक्यात तेवढंच फिरत राहिलं. पाणी काढता येतं. नसेचं काय करतात?

“ठोकळ्यात काय मजा,” घरी आल्यावर दादाराव म्हणाले. “लेकराला आवडीचं काम द्या की.” त्यांनी बुटांचा खोका आणला, त्याचा गोठा केला. पातेल्यावर डाव वाजला की एक हिअरफोर्ड गोठ्यात. पियूला खेळ कळला. पण बैल तीनच, खेळ लगेच संपायचा आणि ती उठून जायची.

मग काय, बीफची पाकिटं यायला लागली. सोमवारी रस्सा, मंगळवारी सुकं, बुधवारी खिमा. रुपाली गवती चहा घालूनही बघायला लागली.

“बाबा, पियूचे कान बरे होईस्तोवर माझ्या डोक्याला शिंगं फुटतील,” रत्नदीप म्हणाला.

“फुटू दे. ह्या जातीला आखूडच असत्यात. हापिसात कुणाला दिसायची न्हाईत.”

आठ दिवसांत कळप दहाचा झाला. दादारावांनी पातेल्यावरचा डाव हलका हलका करत नेला, मग ते पाठीमागे जाऊन वाजवायला लागले. राहिला पट्टा. त्यांनी कापडाच्या चिंधीची म्होरकी केली, वासराला घालतात तशी, आणि ती एका बैलाच्या तोंडावर बांधली. मग दुसऱ्या बैलाच्या. मग स्वतःच्या डोक्याला एक बांधून घेतली आणि खर्जात हंबरले. पियू खदाखदा हसली, आणि आपलं डोकं तिने आपणहून पुढे केलं.

“हळू, बाबा,” रुपाली म्हणाली. “खालच्या आंटीला वाटेल, आम्ही इथे गोठा काढला.”

“काढलाच की,” दादाराव म्हणाले.

तीन आठवड्यांनी हॉस्पिटलातल्या आवाजबंद, जाड दाराच्या लहानशा खोलीत पियू खुर्चीवर बसली. पुढ्यात बुटांचा खोका आणि दहा बैल. पट्टा पाहून तिने ओठ काढला, पण दादारावांनी आधी तो बैलाच्या तोंडाला टेकवला. पियूने मान पुढे केली.

“आता तुम्ही दोघांनी हलायचं नाही,” मिस टॅन काचेपलीकडून म्हणाल्या. “ती तुमचे चेहरे वाचते. आवाज पट्ट्यातून, पाण्याला वळसा घालून, तिच्या हाडातून थेट नसेपर्यंत जाईल, तुम्हाला ऐकू येणार नाही.”

रुपालीने नजर फरशीला लावली. काहीच ऐकू येत नव्हतं. आवाज सोडला की नाही, पियूने ऐकला की नाही, कळायला मार्गच नव्हता. तिला वाटलं, पियूचं रोजचं जग असंच असेल. आपण तोंड हलवतो आणि तिच्यापर्यंत असं काहीतरी पोहोचतं.

ठक.

खोक्यात बैल पडला. रुपालीने मान वर केली नाही. खूप वेळ गेला. नसच असेल, तिला वाटलं. पहिला बैल हातातून चुकून सुटला असेल.

ठक. मग लगेच, ठक.

चौथा पडला, पाचवा पडला. सातव्यानंतर मिस टॅननी आवाज अगदी बारीक केला असावा, कारण पियू श्वास रोखून बसली होती, हे तिच्या हलायचे थांबलेल्या पायांवरून दिसत होतं. आणि तरीही, ठक.

मिस टॅन दार उघडून आत आल्या, त्या हसतच. “नस एकदम छान! नुसतं पाणीच आहे, काळजी नको लाह. पडद्यात बारीक नळ्या बसवून पाणी काढू, एका दिवसाचं काम.”

रुपालीने सासऱ्यांकडे पाहिलं. तिला पुष्कळ बोलायचं होतं, जानेवारीतल्या त्या फोनपासूनचं. पण तोंडातून निघालं ते एवढंच, “बाबा, आज जेवायला काय करू?”

“काय बी कर,” दादाराव चष्मा पुसत म्हणाले. “पर बीफ नको.”

नळ्या बसल्या तेव्हा दादाराव कंधारला परतले होते. पहिले काही दिवस पियू फ्लशच्या आवाजाला दचकायची, लिफ्टच्या टिंगला हसायची. दीड महिन्याने एका रविवारी ती जमिनीवर बैल ओळीने लावत बसली होती. मागे सोफ्यावर रुपालीने कंधारला फोन लावला होता. दादाराव नेहमीच्या, साध्या आवाजात म्हणाले, “पियू!”

पियू गर्रकन वळली. “काय लाह!”

फोनवरून दादारावांचा आवाज आला, “टवकारले बघ कान.”

रुपालीने तेव्हापासून कानाला खडा लावलाय. लहान मूल असलेलं कुणीही भेटलं की ती एकच सांगते, आणि तुम्हालाही तेच सांगते: तुमच्या घरात, शेजारी, बहिणीकडे उशिरा बोलणारं एखादं लेकरू असेलच. आज त्याच्याकडे जा. समोरून नको, तोंड दिसू देऊ नका. मागे उभं राहून साध्या आवाजात त्याच्या नावाने एकदा हाक मारा, आणि बघा, ते वळतंय का.