बिनवासाचा डबा

दुकानदाराने न विचारताच काढून ठेवलेला थिनरचा डबा तिने दोन बोटांनी मागे सारला.

"हा नको."

"अहो ताई, तुम्हीच म्हणायचात ना, हा बिनवासाचा म्हणजे अगदी देवमाणूस!"

"देवमाणूस कसला, केसाने गळा कापणारा निघाला. ब्रश धुवायला दुसरं काय आहे ते दाखवा."

सकाळी डॉक्टरांनी नवऱ्याची छाती तपासता तपासता तिला विचारलं होतं, "वास नाही म्हणजे वाफ नाही, असं कुणी सांगितलं तुम्हाला?" कुणीच सांगितलं नव्हतं. तिनेच सोयीने तसं गृहीत धरलं होतं. ओल्या तैलरंगावर धूळ बसते म्हणून स्टुडिओच्या खिडक्या बंद ठेवायच्या, आणि निवृत्त नवरा रोज संध्याकाळी त्या डब्यावर वाकून तिचे ब्रश धुणार. ते काम त्याने हौसेने अंगावर घेतलं होतं. तिनेही ते घेऊ दिलं होतं.

दुकानदाराने जवसाच्या तेलाची बाटली आणि साबण पुढे केला.

"आधी चिंधीने रंग पुसायचा, मग तेलात खळबळायचं, मग साबण. वेळ लागेल हं. आणि तेलकट चिंध्यांचा बोळा करून ठेवू नका, पसरून वाळत घाला. घरच्या माणसांसारख्या असतात त्या, आतल्या आत धुमसून पेट घेतात."

एरवी ती हसली असती. सुगंधी वडी तिने परत ठेवली आणि साधी उचलली.

घरी तो बेसिनपाशी बाह्या दुमडून तयारच होता.

"आजपासून मी धुणार," ती म्हणाली.

"आणि मी काय माश्या मारू? आण तो साबण."

तळहातावर तो ब्रश गोल गोल घासू लागला. फेस निळा झाला.

"त्या डब्याने डोकं दुखायचं का हो तुमचं?"

"दुखायचं? झाकण उघडलं की भणभणायचं!"

"मग तोंड शिवलं होतं का?"

"तू खिडक्या उघडल्या असत्यास. चित्रातलं आकाश ओलं होतं तुझं."

तो आपल्याच नादात होता.

"वाईट एकाच गोष्टीचं वाटलं बघ. दम पुरेना, म्हणून धुताना गाणं सोडलं मी. तुला इतक्या वर्षांची सवय. चुकल्या चुकल्यासारखं झालं असेल, नाही?"

त्याचं गाणं थांबलं, तेव्हा तिने मनोमन देवाचे आभार मानले होते. ते आकाश साधलं होतं ते त्या शांततेतच.

"झालं ना," ती म्हणाली.

तो लाजल्यासारखा हसला. तिने त्याच्या हातातून ब्रश घेतला आणि नळाखाली धरला. फेस गेला, निळाई गेली, पाणी नितळ वाहू लागलं. ती धूतच राहिली.

"अगं पुरे," तो म्हणाला, "केस गळतील त्याचे."