परत आलेले पंप

वडिलांनंतर पंपांचा कारखाना थोरलीने हातात घेतला. विक्री धाकटा भाऊ बघायचा. मागच्या शेडमध्ये, गिऱ्हाइकांनी नव्याच्या बदल्यात परत दिलेले तीनेकशे जुने पंप गंज खात पडले होते. ते भंगारात काढायचं भावंडांनी ठरवलं.

ट्रक आला तेव्हा लेथवर काम करणारे जुने टर्नरकाका दारात आडवे उभे राहिले.

"ताई, ही बॉडी बघा. बिडाची आहे. हिला काय धाड भरलीय? झिजतो तो शाफ्ट, बेअरिंग आणि सील. तेवढं बदललं की झालं."

"काका, लोक आपल्याकडे नवा पंप घ्यायला येतात," धाकटा म्हणाला.

थोरलीने ट्रक परत पाठवला. पटलं म्हणून नव्हे, काकांचं मन मोडवेना म्हणून. मग रोजचं काम आटपलं की काका आणि पॅकिंगमधल्या दोघी बायका एखादा पंप खोलून बसायच्या. बाकीचे त्यांना 'दवाखाना' म्हणून चिडवायचे.

तीन महिने असेच गेले, आणि जिथून नव्या बॉड्या यायच्या त्या ओतकारखान्याची भट्टी फुटली. पाच महिने माल मिळणार नव्हता. दुसरीकडे कुणी दारात उभं करेना. असेंब्लीतली अठ्ठावीस माणसं हातावर हात ठेवून बसली.

थोरली शेडमध्ये गेली. भिंतीशी एकेचाळीस पंप तयार उभे होते.

"काका, हे चालतात?"

"चालवून बघा की!"

प्रत्येक पंप दिवसभर पाण्याच्या टाकीवर चालवला. तीन नापास झाले, अडतीस टिकले; प्रत्येकाची चाचणी थोरलीने कागदावर लिहून ठेवली. दुसऱ्याच दिवशी सगळी असेंब्ली 'दवाखान्यात' आली.

पहिली मागणी एका इस्पितळाची होती. वरच्या मजल्यांना पाणी चढत नव्हतं.

"नवा म्हणूनच देऊया," धाकटा म्हणाला. "कोण खोलून बघतंय?"

"आपण बघितलाय ना खोलून? मग तसंच सांगू," थोरली म्हणाली.

इस्पितळाच्या इंजिनिअरबाई कपाळाला आठ्या घालून ऐकत होत्या. "हमी?"

"नव्याइतकीच."

"जे नापास झाले, त्यांचे कागद आहेत?"

थोरलीने कागद पुढे केले. बाईंनी तिन्ही नीट वाचले, मग चष्मा काढला.

"हे दाखवलंत म्हणून घेते. दोन द्या."

त्यानंतर धाकटा स्वतःच टेम्पो घेऊन जुन्या गिऱ्हाइकांकडे फिरू लागला. अडगळीत पडलेले पंप मागून आणायचा आणि फाटकातूनच ओरडायचा, "डॉक्टर, पेशंट आलेत!" त्या पाच महिन्यांत एकाही माणसाला घरी बसावं लागलं नाही.

भट्टी सुरू झाली, बॉड्या येऊ लागल्या. तरी थोरलीने शेड बंद केली नाही. उलट काकांना तिने नव्या पंपाच्या ड्रॉइंगसमोर बसवलं.

"हे सील ठोकून बसवू नका," काका म्हणाले. "बोल्ट द्या. उद्या कुणाला तरी काढायचंय."

"त्याने पंप जरा जाड होईल, काका," ड्रॉइंग काढणारी म्हणाली.

"होऊ दे." काकांनी आपल्या सुटलेल्या पोटावर थाप मारली. "माझ्याकडे बघून कुणी तक्रार केलीय का?"

थोरलीला हसू आवरेना. तिने पेन्सिल उचलली आणि स्वतःच्या हाताने ड्रॉइंगवर चार बोल्ट रेखाटले.