पुढे केलेला हात

तपासणीच्या टेबलावर पडल्यापडल्याच ढब्याने हुकूम सोडला, "कापायचं तर तूच कापायचं. दुसऱ्या कुणाला पोटाला हात लावू देणार नाही."

ढब्या म्हणजे डॉक्टरांचा शाळेपासूनचा मित्र. कुलपं-किल्ल्यांचं दुकान, आणि जिभेला हाड नाही. त्याच्या यकृतात कॅन्सरची गाठ निघाली होती. लवकर सापडल्यामुळे काढता येण्यासारखी होती, एवढंच काय ते सुदैव.

"भावजी, तुम्ही करणार म्हटल्यावर मला घोर नाही," वहिनी म्हणाल्या.

डॉक्टरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. माणूसच तो! "बघू," ते म्हणाले, पण मनात होकार देऊन बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पित्ताशयाच्या ऑपरेशनला उभे राहिले. हे त्यांचं रोजचंच. हात पुढे केला की चिमटा हजर, मान वळवायच्या आत कात्री. सिस्टर इतक्या सरावाच्या की मागावं लागतच नसे. आणि तेवढ्यात त्यांना मागच्या वर्षीचं यकृताचं ऑपरेशन आठवलं. अख्ख्या वर्षातलं ते एकच. रक्त वाहू लागलं, त्यांनी हात पुढे केला, आणि तो तसाच रिकामा राहिला. सिस्टर ट्रेमध्ये शोधत होत्या. त्यांना तरी काय बोलणार? कधीतरीच लागणारी वस्तू बोटांना कशी सापडावी? खोळंबा क्षणभराचाच होता. पेशंट वाचला, घरी गेला, आणि डॉक्टर ते सोयीस्करपणे विसरले. आज मात्र त्या जागी त्यांना ढब्याचं पोट दिसलं.

संध्याकाळी ते दुकानात गेले. "ढब्या, मोठ्या हॉस्पिटलात जाऊ. तिथे दर आठवड्याला अशी ऑपरेशनं होतात. आमच्याकडे वर्षाला एखादं."

"घाबरलास?"

"हो."

"कळली तुझी मैत्री!" म्हणत ढब्याने शटर खाली ओढलं.

वहिनींनी नवऱ्याची कशीबशी समजूत काढली. पण मोठ्या हॉस्पिटलात जाताना गाडी डॉक्टर चालवत होते, आणि ढब्या वाटभर गाल फुगवून खिडकीबाहेर बघत होता. हा बडबड्या गप्प बसला की डॉक्टरांना शिव्यांपेक्षा जास्त लागायचं.

ऑपरेशन थिएटरच्या दाराशी नर्स म्हणाली, "काका, कवळी काढून ठेवा."

ढब्याने कवळी काढली आणि डॉक्टरांच्या हातात कोंबली. "सांभाळ," तो बोळक्या तोंडाने पुटपुटला. "एवढं तरी जमेल ना?"

दार लागलं. डॉक्टर आयुष्यात पहिल्यांदाच दाराच्या या बाजूला, बाकड्यावर बसले. "काळजी करू नका" हे आपण इतकी वर्षं लोकांना किती सहज सांगत आलो, याची त्यांना लाज वाटली. वहिनींना ते एकदाही तसं म्हणाले नाहीत.

दुपार कलल्यावर तिथल्या सर्जनबाई बाहेर आल्या. गाठ पूर्ण निघाली होती, रक्तही फार गेलं नव्हतं. वहिनी रडल्या, आणि डॉक्टरही.

दुसऱ्या दिवशी ढब्या नीट शुद्धीवर आला. समोर डॉक्टर दिसताच त्याने कपाळाला आठ्या घातल्या, आणि हात पुढे केला. मूठ पुरती उघडायच्या आत धुतलेली कवळी त्याच्या तळहातावर होती.