बिनसाखरेचं, बिनदुधाचं अंडं

डहाणूच्या बाजारात उभं राहून चॉकलेटचं अंडं विकत घ्यायची वेळ माझ्यावर येईल, असं मला कधी वाटलं नव्हतं. आमच्याकडे ते घरपोच यायचं. ईस्टरच्या सकाळी चर्चमधून परतली की निर्मला सिस्टर पदर खोचून सरकारी क्वार्टर्सच्या सगळ्या दारांवरून फिरायची. हातात परात, परातीत रंगीत जिलेटीन कागदात गुंडाळलेली अंडी. सिस्टर म्हणजे दवाखान्यातली नर्स हो, मठातली नव्हे. मठातल्या सिस्टरांनी तिला फक्त चॉकलेट करायला शिकवलं. उधवा गावची पोर, तलासरीला मिशनच्या हॉस्टेलात राहून शिकली, नर्स झाली आणि डहाणूला आमच्या भिंतीला भिंत लावून राहायला आली. मी शाळेत बाई, ती दवाखान्यात सिस्टर. दोघींनाही लोकांवर ओरडायची सवय, त्यामुळे आमचं जमलं.

निवृत्त झाल्यावर ती तलासरीला स्वतःच्या घरी गेली. तिथूनही कुणा ना कुणाच्या हाती माझं अंडं यायचं. गेल्या वर्षी आलं नाही. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. मग थंडीत तिच्या पोटाचं ऑपरेशन झालं. जखम भरली, टाके निघाले, आणि बाईसाहेबांनी अन्नाशी वैर धरलं.

गुड फ्रायडेला तिच्या भाचीचा, रूपीचा फोन आला.

"काकी, आत्या काय खातच नाय. पेज दिली तर तोंड फिरवते. निसतं पाणी पिते. डॉक्टर बोलले, सोमवारपर्यंत पोटात काय गेलं नाय तर वापीला नेऊन नाकातून नळी घालायला लागेल."

नळी! निर्मलाने आयुष्यभर शेकडो लोकांच्या नाकात नळ्या घातल्या, आणि प्रत्येक वेळी घरी येऊन मला म्हणायची, "वसू, माझ्यावर ही पाळी आली तर मी उठून घरी चालत जाईन." ती तसं करणाऱ्यांतली आहे. नळीसकट चालत जाईल.

मी ठरवलं, ही बाई पेज नको म्हणेल, चॉकलेट नको कसं म्हणेल? आमच्या ह्यांनी लगेच विचारलं, "आजारी माणसाला चॉकलेट?" पण मी रूपीला डॉक्टरांना विचारायला लावलं होतं. डॉक्टर म्हणाले, मऊ, विरघळणारं काहीही द्या. फक्त साखर नको, तिला डायबिटीस आहे. दूध नको, ते पचत नाही. दाणे, काजू, बदाम बिलकूल नकोत. एवढं सगळं वगळल्यावर 'काहीही'मध्ये उरतं काय, ते त्यांनी सांगितलं नाही.

स्टेशनजवळ सोनलचं केकचं दुकान आहे. सोनल माझीच विद्यार्थिनी. गुजराती घरातली, पाढे कधी पाठ केले नाहीत, पण दुकान झकास चालवते. शनिवारी संध्याकाळी गेले तर काचेच्या कपाटात अंडीच अंडी. माझ्या लहानपणी कोंबड्यांनीही एवढी घातली नसतील.

"बाई, तुम्ही? नातवंडांसाठी पाहिजे ना?" तिने एक भलंमोठं अंडं पुढे केलं. "हे घ्या. मिल्क चॉकलेट, आत रंगीत गोळ्या."

"दूध नको."

"मग डार्क. आत बदाम आहेत, मस्त लागतात."

"बदाम नकोत. साखरही नको."

सोनलने माझ्याकडे नीट पाहिलं. "शुगर-फ्री आहे बाई, डायबिटीसवाले नेतात. पण त्यात दुधाची पावडर येते. आणि हे वीगन, दूध नाय, तूप नाय, काय नाय."

"साखर?"

"साखर आहे ना. वीगन लोक साखर खातात."

"आणि ते हिरव्या रिबनवालं?"

"ते जैन."

"जैन अंडं?"

"एगलेस बाई. रोज कोणीतरी विचारतंच, अंड्यात अंडं आहे का. लिहून लावलंय तरी विचारतात." ती हसली. "पूर्वी लोकांचं असं काय नव्हतं ना? जे मिळेल ते खायचे."

पूर्वी नव्हतं म्हणे. मला तिचे कान धरावेसे वाटले, पण आता तिचे स्वतःचे केस पिकायला लागलेत. पूर्वी सगळं होतं, त्याला नावं नव्हती एवढंच. आमच्या क्वार्टर्समध्ये हंसाबेन होत्या, कट्टर जैन. अंडं चॉकलेटचं असलं म्हणून काय झालं, आकार अंड्याचा, तो फोडायचा म्हणजे मनाने पाप झालंच, असं त्यांचं म्हणणं. निर्मलाने वाद घातला नाही. पुढच्या ईस्टरला तिने चॉकलेटचा हातानेच गोळा वळला, कोकोच्या पुडीत घोळवला आणि वर चिकूचं खरं देठ खोचलं. परातीत अंड्यांच्या मधोमध तो चिकू बसलेला. हंसाबेननी तो हातात घेतला, देठ काढलं आणि खाऊन टाकला. माझ्या मुलाला, दर्शनला काजूने अंगावर पित्त उठायचं, म्हणून त्याचं अंडं सगळ्यांच्या आधी, धुतलेल्या भांड्यात व्हायचं. माझ्या सासूबाई दर वर्षी सोवळ्यातून ओरडायच्या, "सिस्टर, यात अंडं नाही ना?" आणि ती दर वर्षी तितक्याच गंभीरपणे सांगायची, "आजी, नावालाच अंडं." मग सासूबाई ते देवासमोर न ठेवता, पण देवघराच्या बाजूलाच बसून खायच्या. दवाखान्याच्या ड्रायव्हरला, लक्ष्याला साखरेचा आजार. त्याचं अंडं एवढंसं आणि कडू. तो तक्रार करायचा आणि चाटूनपुसून खायचा.

आणि हे सगळं करायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. कोण काय खातं आणि कुणाला काय सोसत नाही, हे तिला पेशंटच्या नाडीइतकं ठाऊक असायचं. आज तिला काय सोसतं ते शोधताना माझी मात्र दमछाक झाली.

शेवटी सोनलने आतल्या फ्रीजमधून एक लहान डबा काढला. "हे बघा. साखर नाय, दूध नाय, दाणा नाय. एका कस्टमरने सांगून बनवून घेतलं आणि न्यायलाच आला नाय. पण बाई, कडू आहे हां."

"खाणारीण त्याहून कडू आहे," मी म्हटलं.

अंडं माझ्या मुठीएवढं होतं. काळंभोर, पातळ कवचाचं, गुळगुळीत. डब्याला सोनेरी रिबन बांधलेली. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं. सकाळी निघताना हे म्हणाले, "बर्फ घे बरोबर, एप्रिल आहे." मी म्हटलं, "बर्फाने डबा भिजेल. मला शिकवू नका."

एसटीला ही गर्दी. म्हातारी बघून एका मुलीने उठून मला ड्रायव्हरजवळची जागा दिली. मी तिला आशीर्वाद दिला आणि पिशवी पायाशी, बॉनेटला टेकवून ठेवली. आशागड गेलं, हायवे लागला. वाटेत मी मनात भाषण तयार केलं. निर्मला, तू किती जणांना औषधं गिळायला लावलीस, आता स्वतः एक तुकडा गिळ. मला तुझ्याशिवाय भांडायला कुणी नाही. हे शेवटचं वाक्य बोलायचं की नाही, ते तलासरी येईपर्यंत ठरेना.

निर्मला पुढच्या खोलीत खाटेवर होती. रूपीने तिला उशीला टेकवून बसवलं होतं. गाल बसलेले, मनगटं काडीसारखी. मी दारातच थांबले. ही बाई तापाने फणफणलेल्या माणसाला एका हाताने उचलून बसवायची.

"ये. रडायला आली असशील तर बाहेर रड, इथं जागा नाय," ती म्हणाली. आवाज तेवढा शाबूत होता.

"हॅपी ईस्टर," मी म्हटलं आणि डबा तिच्या मांडीवर ठेवला. "यात तुला चालत नाही असं काहीही नाही. एक तुकडा खा. माझ्यासाठी."

तिने हळूहळू रिबन सोडली. झाकण उघडलं. आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

अंडं बसलं होतं. वरचा भाग आत गेलेला, एक बाजू डब्याला चिकटलेली, तळाशी काळं थारोळं.

"हे काय गं वसू? अंडं आहे की पिचका टमाटा?"

"एसटीत..."

"ड्रायव्हरजवळ बसलीस?"

"हो."

"इंजिनाला चिकटून. आणि मुलांना विज्ञान शिकवायचीस."

माझं भाषण कुठल्या कुठे गेलं. डोळ्यांतून पाणीच यायला लागलं. उद्या सोमवार. तिला आवडेल असं दुसरं काही माझ्याजवळ नव्हतं. "चव तीच असेल ना? बोटाने खा," मी म्हटलं. तिने मान फिरवली. रूपी पेजेची वाटी घेऊन आली, ती तिने हातानेच लांब केली. बाहेर कुणाच्या तरी अंगणात ईस्टरची गाणी लागली होती.

मला वाटलं, तिला झोप लागली. पण ती पुन्हा डब्यात बघत होती. चेहऱ्यावर तोच भाव, वॉर्डात कुणी बँडेज वाकडं बांधलं की यायचा तो.

"असं नाय टाकता येत," ती म्हणाली. "रूपी, माळ्यावरून पत्र्याचा डबा काढ. साचा असेल त्यात. गॅसवर पाणी ठेव."

"आत्या, तू उठू नको."

"मग तू करणार काय?"

आम्ही दोघींनी धरून तिला स्वयंपाकघरात नेलं आणि ओट्याशी खुर्चीत बसवलं. रूपीने साचा धुऊन पुसला. जुना, जड, अंड्याचे दोन अर्धे. हॉस्टेल सोडताना मठातल्या सिस्टरांनी तिला दिलेला. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यावर लहान पातेलं, त्यात ते बसलेलं अंडं. पाण्याचा थेंब आत गेला तर बघा, असा आम्हाला दम मिळाला. मी ढवळायला लागले तर माझ्या हातातून चमचा काढून घेण्यात आला. चमचा तिच्या हातात कडेकडेने बरोबर फिरत होता. घरभर तो वास पसरला. क्वार्टर्समध्ये ह्या वासाने माझी मुलं खिडकीच्या गजांना लटकायची.

"उतरव. खाली गार पाणी ठेव."

मी पातेलं गार पाण्यात ठेवलं. तिने चमच्याच्या टोकाने थेंबभर चॉकलेट घेतलं आणि खालच्या ओठाला लावलं. गरम की गार ते बोटाला कळत नाही, ओठाला कळतं, असं तिला शिकवलेलं. ओठाला किंचित गार लागलं की साच्यात ओतायचं.

"गरम आहे," ती म्हणाली आणि ओठावरून जीभ फिरवली.

रूपीने माझ्याकडे पाहिलं. मी तिला डोळ्यांनीच गप्प केलं.

थोडं ढवळून तिने पुन्हा चमचा ओठाला लावला. "अजून गरम." पुन्हा जीभ. मग पुन्हा. चमच्यावरचा थेंब आता थेंब राहिला नव्हता, अर्धा चमचा भरून यायला लागला होता. मी हळूच पातेल्याला हात लावून पाहिला. पातेलं केव्हाच गार झालं होतं, कडेने चॉकलेट घट्ट व्हायलाही लागलं होतं.

"निर्मला, झालं वाटतं गं."

"तुला काय कळतं यातलं? अंडं वितळवून आणलंस." आणि तिने चमचा सरळ तोंडात घातला, डोळे मिटले, गिळलं. मी तिच्या गळ्याकडे बघत राहिले. घोट खाली गेला. रूपी भिंतीकडे तोंड करून डोळे पुसायला लागली.

शेवटी ओतायची वेळ आली तेव्हा साच्याचा एकच अर्धा भाग भरला. दुसरा कोराच राहिला. निर्मलाने त्याच्याकडे पाहिलं, मग रिकाम्या पातेल्याकडे पाहिलं, आणि ओठाच्या कोपऱ्यातलं चॉकलेट पदराने पुसत मला म्हणाली, "कमी आणलंस तू."

"हो, चुकलंच माझं," मी म्हटलं. तिच्यापुढे इतक्या आनंदाने चूक मी कधीच कबूल केली नव्हती.